ठमीचा कापसाचा बोळा

अरे,

मला पहिल्या पाळीला जायचंय, म्हणून तुला उठवलं नाही. ठमीचा व्यायाम आज तू घे. थेरपिस्टबाईंनी बजावलंय, खाडा करायचा नाही, नाहीतर ती पुन्हा तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागेल. आधी तिचं नाक साफ कर. जीभ टाळूला लावून ओठ मिटायला सांग. मग टेबलावर कापसाचा बोळा ठेव आणि तिला नळीने फुंकू दे. पंखा बंद ठेव, खिडकी लाव, नाहीतर बोळा भलतीकडेच उडतो.

फुंकून झालं की ती थांबेल. तिच्यामागे घाई लावू नकोस. समोरच्या खुर्चीत आबा बसायचे आणि बोळा तिच्याकडे परत फुंकायचे. तुला हे ठाऊक नसेल, तू कामावर असायचास. आणि ते गेल्यापासून तू त्या टेबलावर जेवायलाही बसत नाहीस, म्हणून मी विषय काढला नाही.

आज ती खुर्ची न्यायला माणूस येईल. त्याला परत पाठव. वडील तुझे होते, तुला ती रिकामी बघवत नाही, कळतं मला. पण काल मी ओट्याशी पाठमोरी होते. ठमी फुंकून थांबली आणि मग खुदकन हसली. वळून पाहिलं तर बोळा पुन्हा तिच्यापुढे होता. पंखा बंद होता. खिडकी मीच लावली होती.

तू ठमीच्या शेजारी बस. समोर नको.