तिसरं पिंप

प्रिय ठमाबाई,

प्रदर्शनात तुझ्या पिंपांतले नमुने चाखायला टेबलापुढे रांग लागली होती, हे तुझ्या आईने फोन ठेवल्यापासून मला चार वेळा सांगितलंय. मी आपलं 'बरं, बरं' करत मख्ख तोंडाने पेपर वाचत राहिलो आणि ती वळल्याबरोबर तळघरात जाऊन तुझ्या पिंपांपुढे एकटाच हसत बसलो. आता लपवून काय करू? ऊर भरून आला गं माझा.

प्रेसवाला लेबलांचा गठ्ठा देऊन गेला. 'द्राक्षं. बाकी काही नाही.' एवढंच छापलंस! मी असतो तर चार ओळी बढाई मारली असती. रविवारी तू परत येशील, सोमवारी सहाही पिंपं एकत्र करून बाटल्या भरशील आणि त्या प्रत्येक बाटलीवर हे चार शब्द चिकटतील. तुझी पहिली वाइन.

वाइनच्या कारखान्यात मला सगळे डबेवाले म्हणायचे, आठवतं ना? तीस वर्षं माझं कपाट भरलेलं असायचं. पाकिटातलं यीस्ट, आंबटपणा वाढवायची भुकटी, वाइन नितळ करायची भुकटी आणि सगळ्यांत वर जंतू मारायच्या सल्फरचा डबा. पाऊस कमी पडो की जास्त, चव दरवर्षी तीच, आणि त्याचाच मला कोण गर्व! तू इथे येऊन म्हणालीस की यातला एकही डबा नको, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. ऑर्गॅनिक म्हणजे श्रीमंतांचं खूळ, असंही म्हणालो. तू जराही न चिडता समजावलंस, की ऑर्गॅनिक ही आधी मळ्यातली गोष्ट. वेलींवर रासायनिक औषधं नाहीत, रासायनिक खत नाही. पण तशी द्राक्षं आणूनही लोक तळघरात पाकिटातलं यीस्ट घालतात, थोडं सल्फरही घालतात, आणि ते नियमात बसतं. तुला त्याच्याही पुढे जायचं होतं. सालीवर जे यीस्ट आपोआप असतं त्यानेच रस आंबू दे, गाळायचा नाही, वरून काही घालायचं नाही. गढूळ पाणी कोण पिणार, असं मी विचारलं. तू हसून म्हणालीस, बाबा, तुम्हीच प्याल.

आणि प्यालो की! पाचव्या पिंपातलं परवा नळीने काढून पाहिलं. थोडं धुरकट, पण काय चव, काय वास! तीस वर्षांत माझ्या हातून असं काही उतरलं नाही, हे मी आज कबूल करतो. शेजारचे मास्तरही चाखून गेले, त्यांनी दुसरा पेला मागितला आणि मग तिसरा. ही माझ्या मुलीने केलीय, असं मी त्यांना उगाचच दोनदा सांगितलं.

हेच पाचवं पिंप डिसेंबरात तबेल्यासारखा वास मारत होतं. तिसरंही. तू दोन्हींना कान लावलास, बूच बसवलंस आणि म्हणालीस, थांबू या. थांबणं मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. पाचव्याचा वास दोन महिन्यांत आपसूक गेला. तिसऱ्याचा मात्र चार दिवसांतच गेला आणि तेव्हापासून ते गप्प आहे. ना वास, ना चव, नुसतं सपक. तू किती वेळा त्याच्यापाशी बसलीस, वही चाळलीस, माझं काय चुकलं म्हणून स्वतःलाच बोल लावलास. मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

तुझं काही चुकलं नाही, बाळा. तू बाटल्या पसंत करायला गेलीस त्या दुपारी मी जुना डबा काढला आणि तिसऱ्या पिंपात दोन चमचे सल्फरची पावडर घातली. तुझं वर्ष वाया जाईल अशी धास्ती घेतली होती मी. पाचव्याचंही बूच काढलं होतं, पण तेवढ्यात तुझी आई हाक मारत आली, म्हणून ते वाचलं. आंबताना थोडं सल्फाइट, म्हणजे त्या पावडरीतलंच द्रव्य, आपोआपच तयार होतं, त्यामुळे सहा पिंपं एकत्र झाल्यावर तपासणीत कुणालाही कळणार नाही. गेले कित्येक महिने मी याच आधारावर गप्प बसलो. मग ती लेबलं आली. त्यावर तू जे छापलंस ते तू खरं मानतेस, आणि माझ्यामुळे ते खोटं ठरणार होतं. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र त्याच पिंपावर ठेवतोय. सोमवारी पाचच पिंपं एकत्र कर. ती सगळी तुझी आहेत, अस्सल. तिसऱ्याच्या बाटल्या वेगळ्या भर आणि त्यांच्यावर छाप, 'द्राक्षं आणि बापाची भीती'. त्या मी एकटा पिऊन संपवीन.

तुझाच,
बाबा