खिडकीतला युफोर्बिया आणि माझी कात्री

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. माझे खुब्याचे हाड मोडले होते, डोके नाही.

१. राहते घर माझ्या कष्टाचे व माझ्या नावाचे आहे. ते माझ्या पश्चात मुलीला मिळावे. तिने आपल्या मनाने लग्न केले म्हणून बापाने आणि भावाने तिला घराबाहेर काढले. मी आडवी आले, पण माझे कोण ऐकतो? जाताना तिने खिडकीतली युफोर्बियाची कुंडी माझ्या हातात दिली. वीतभर फांदी, अंगभर काटे. म्हणाली, "आई, माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. लाडाने मरतं हे." मेले नाही. उन्हाच्या खिडकीत छातीइतके वाढले, लाल फुलांनी लगडले.

२. मुलाला माझी कापडाची कात्री द्यावी, बाकी काही नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर गळा काढायला नको. मी इस्पितळात असताना त्याने त्याच कात्रीने झाड छाटून कचऱ्यात टाकले. शिंपिणीची कात्री झाडाला! जाब विचारला तर म्हणतो, "काटे लागतात गं. आणि किती दिवस तिची आठवण कुरवाळणार?"

एवढ्यावर भागले असते तर एक वेळ गिळले असते. पण मुलगी मला भेटायला इस्पितळात आली, तेव्हा याने तिला दारातूनच परतवले. "आई तुझं तोंड बघणार नाही म्हणते." मी असे कधीही म्हटले नाही. समोरची शेजारीण डबा घेऊन तिथेच उभी होती, तिने ऐकले. मला कळले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग अजून विझलेली नाही, विझवायचीही नाही.

३. शेजारणीनेच कचऱ्यातून फांद्या उचलल्या, चीक धुतला, आठवडाभर सुकवून रेताड मातीत लावल्या. तीन जगल्या. ती याची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून देता येत नाही म्हणे, म्हणून एक कुंडी तिला आजच दिली. बाकी दोन आणि शिवणयंत्र मुलीचे. छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

४. मी मुलीला फोन केला. तिने पहिलेच विचारले, "तू खरंच तसं म्हणालीस?"

"मेले तरी म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती दारात होती. तेव्हा माझ्यामागे पहिला निरोप तिला जावा. ती पोहोचेपर्यंत मला उचलू नये. मुलाला घाई असेल तर त्याने खुशाल निघून जावे.

सही: लिहून देणारी
साक्षीदार: समोरची शेजारीण, माझे हाड बसवणारे डॉक्टर
ठिकाण: माझ्याच घरातले कापड बेतायचे टेबल
दिनांक: तीन मार्च