पारावर वाचलेली मुलाची बातमी

गुरुजी, आपण गेल्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपण शिकवलेली चौथीपर्यंतची विद्या मी अजूनही वापरतो. सकाळी निलंग्याहून येणाऱ्या एस.टी.तून वर्तमानपत्र उतरते, मी धुतलेला सदरा घालून पारावर बसतो आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचतो. पूर्वी पार भरत असे. आता मोबाइल आल्यापासून सात-आठ म्हातारी माणसे येतात, तीही बरीचशी एकमेकांना भेटायला. आपल्याला मोतीबिंदू झाला तेव्हा आपण हे वाचन माझ्याकडे सोपवले होते. पहिल्याच आठवड्यात मी चोरीची एक बातमी गाळली, कारण पकडलेल्या माणसाचा मेहुणा समोर बसला होता. दुपारपर्यंत आपल्याला ते कळले. आपण मला घरी बोलावले. आपल्या पत्नी चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्यांच्यासमोर आपण मला उभेच ठेवले आणि म्हणालात, “गाळणारा तू कोण? छापले आहे तेवढे सगळे वाचायचे. आपला शब्द घालायचा नाही. वाचून झाले की घडी घालायची आणि उठायचे.” त्या दिवसापासून मी एक ओळ गाळली नाही आणि एक शब्द घातला नाही. याचा मला अभिमान होता.

माझा मुलगा आपण पाहिला नाही. तो सैन्यात अधिकारी आहे. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्याच्या हाताखालच्या तुकडीचा सराव चालू असताना, लांबच्या कूचमध्ये, एक जवान कोसळला आणि दगावला. बातमीचा मथळा होता, ‘अधिकाऱ्याच्या हट्टापायी जवानाचा बळी’. खाली मुलाचे पूर्ण नाव आणि तो निलंगा तालुक्याचा, हेही छापले होते. मी वर्तमानपत्र पारावर बसल्यावाचून उघडत नाही, त्यामुळे तो मथळा मला आणि ऐकणाऱ्यांना एकाच वेळी कळला. मी थांबलो नाही. आजारी जवानाला जबरदस्तीने चालवले, असे त्यात लिहिले होते. तेही मी स्पष्ट उच्चारात वाचले. आवाज कापला नाही. त्या वेळी मला त्याचेच समाधान वाटले होते, हे लिहिताना आज मान खाली जाते.

कोणीतरी हळूच विचारले, “आण्णा, हे आपलंच लेकरू न्हवं का?” मी पुढच्या ओळीकडे वळलो. शेजारच्या गल्लीतली एक म्हातारी रोज पाराच्या कडेला बसते. तिचा नातू तेव्हा सैन्यभरतीची तयारी करत होता, आणि ती तयारी त्याने माझ्या मुलाकडे पाहूनच सुरू केली होती. ती पुढे सरकून बसली. “माझा नातू रोज पहाटं पळायलाय. त्याला बी तिथं असंच मरस्तोर पळवत्याल का? तुमी सांगा, आण्णा. तुमचा पोरगा हाय तो, तुमाला ठावं असंल.” सगळे माझ्या तोंडाकडे पाहत आहेत. मी घडी घालतो आणि उठतो. पाठीमागून एक जण म्हणतो, “बाप बी साहेबच हाय की.” दोघे-तिघे हसतात. पुढच्या आठवड्यात त्या नातवाने पळणे सोडले आणि तो लातूरला एका कापडाच्या दुकानात लागला.

काही महिन्यांनी चौकशी संपली. जवानाने आपला ताप सगळ्यांपासून लपवला होता. तो अडखळताना दिसताच माझ्या मुलाने त्याला रांगेतून बाहेर काढून गाडी मागवली होती, पण गाडी येईपर्यंत उशीर झाला. मुलावर दोष आला नाही. आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्याही मी त्याच आवाजात वाचल्या, घडी घातली आणि उठलो.

त्यानंतरच्या सुट्टीत मुलगा गावी आला नाही. सून नांदेडची, विष्णुपुरीच्या बाजूला त्यांनी घर घेतले आहे, तिथेच तो उतरला. मी दोन दिवस वाट पाहिली आणि एस.टी.ने नांदेड गाठले. सुनेने चहा दिला आणि ती आत गेली. गच्चीवरून धरणाचे पाणी दिसत होते, तो तिकडे पाहत बसला होता. गावी का आला नाहीस, असे मी विचारले. मग त्याने जे सांगितले ते मी कोणत्याही वर्तमानपत्रात वाचलेले नाही. वाईट बातमी आली की अधिकारी आपसात एकच बोलतात, म्हणाला. ‘मला काही फरक पडत नाही, पण जवानांचे मन खचते, लोकांचा विश्वास उडतो, घरची माणसे घाबरतात.’ प्रत्येक जण दुसऱ्याची काळजी करतो. तोही वर्षानुवर्षे हेच म्हणत आला आणि नव्या अधिकाऱ्यांनाही त्याने हेच सांगितले. मग ती बातमी आली. त्यानंतर कोणताही हुकूम देण्याआधी, हा उद्या छापून आला तर कसा दिसेल, असे त्याच्या मनात येऊ लागले. दोनदा त्याने जवानांचा सराव अर्ध्यावर थांबवला, थांबवायला नको होता तेव्हा. आणि जेवणाच्या टेबलावर मात्र तो सांगत राहिला की मला काही फरक पडत नाही.

“एका घराची मला काळजी नव्हती, अण्णा,” तो म्हणाला. “वाटायचं, तिथं रोज पेपर वाचणारा माणूस आहे. तुम्ही ती बातमी वाचलीत, बरोबर केलंत. पण ती आजी तुम्हाला विचारत होती आणि तुम्ही उठलात. तिच्या नातवानंच मला फोन केला होता.”

मी त्याला आपला नियम सांगितला. आपण मला कसे उभे केले होते तेही सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते असू द्या. तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं?”

मी म्हणालो, “माझ्यावर काही परिणाम झाला नाही. गावावर झाला.”

तो किंचित हसला. नव्या अधिकाऱ्याने तेच वाक्य म्हटल्यावर तो असाच हसत असेल. नंतर त्याने मला बसस्थानकावर आणले, खिडकीजवळची जागा पाहून बसवले आणि पाया पडला. तेव्हापासून तो गावी आलेला नाही. दर रविवारी फोन येतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या का, असे विचारतो; घेतल्या, असे मी सांगतो. मग तो फोन ठेवतो.

गुरुजी, मी आपला नियम पुढे केला, पण आपला नियम निर्दोष आहे. माझ्यापाशी एक शब्द जरी असता तरी मी तो नियम मोडून बोललो असतो. शब्द नव्हताच. मुलगा सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या दिवशी त्याला ताप होता. एस.टी. चुकली होती. तापाने कोणी मरत नाही, असे म्हणून मी त्याला निलंग्यापर्यंत चालवत नेले. वाटेत तो दोनदा ओकला. मी पाणी दिले, पण बसू दिले नाही. पारावर तो मथळा वाचला तेव्हा मला तीच वाट दिसली. माझा मुलगा आहे, याने चालवलेच असणार, असे मला वाटले. दुसऱ्या ओळीवर नजर जाण्याआधी मी ती बातमी खरी मानली होती, आणि चौकशीच्या त्या चार ओळी येईपर्यंत खरीच मानत होतो. त्याने तर गाडी मागवली होती.

हे मी मुलाला लिहायला बसलो होतो. वर ‘गुरुजी’ असे लिहिले, कारण आपल्याकडून उत्तर येणार नाही.