दगडी घर आणि ओनोरेची आकडी

७ जून
निर्णय पक्का. हा नवा बंगला विकायचा. बंगला कसला, बुटांचा खोका. पोस्टातून रिटायर झाल्यावर माणसाने दगडी घरात राहावं. मार्तीन म्हणाली, इथे नळाला गरम पाणी येतं. बायकोला परंपरेची ओढ नाही. हळूहळू पटवीन.

१९ जून
दोन घरं पाहिली. लाकडी चौकटीचं एका बाजूला कललंय. मनोऱ्याच्या घरात कबुतरं राहतात आणि ती निघायची चिन्हं नाहीत.
संध्याकाळी मैदानात ओनोरेबरोबर पेतांक खेळलो, लोखंडी गोळे टाकले. माझा चाळीस वर्षांचा दोस्त. तोच आपलं शेतावरचं जुनं घर विकतोय. म्हणाला, तुझ्यासारख्या जाणकाराला देईन रे, परक्याला कशाला? मला भरून आलं.

२ जुलै
ओनोरेचं घर पाहिलं. हातभर जाड भिंती. बाहेर रणरणतं ऊन, आत माठासारखा गारवा. भिंतीतली चूल एवढी मोठी की मी आत उभा राहिलो. वर भांडं टांगायची लोखंडी आकडी, त्याच्या पणजीची. नव्या घरात आकडी टांगून गावाला जेवू घालायचं, ही आपली रीत. खोक्यात काय टांगणार? मार्तीनने भिंतीला हात लावला आणि रुमालाला पुसला. नाटकी आहे.

१० जुलै
नोटरीकडे सह्या. आमचा खोका घेतला ओनोरेनेच. म्हणाला, म्हातारपणी मिळेल ते गोड मानायचं. बिचारा. मला त्याच्याकडे बघवेना.

२३ ऑक्टोबर
राहायला आलो. ओनोरेने सगळे बल्ब काढून नेलेत. चालायचंच. पण आकडीही नेली. विचारलं तर म्हणे, पणजीची आठवण आहे. हे मनाला लागलं.

११ नोव्हेंबर
पहिल्यांदा चूल पेटवली. सगळा धूर घरात. धुराड्यात कावळ्यांची घरटी, साफ करणारा जानेवारीत मोकळा. मार्तीन ओनोरेकडे केस धुवायला गेली. फक्त आजच्या दिवस.

२६ नोव्हेंबर
भिंतींना पाणी सुटलंय. मार्तीनला समजावलं, दगड श्वास घेतो. म्हणाली, घेऊ दे, माझा बंद पडेल. आता आंघोळीला रोज तिकडेच. तिचा गाऊनही इथे दिसत नाही.

६ डिसेंबर
बाजारातून आकडी आणली. पुढच्या शनिवारी जेवण. महापौरांसकट सगळ्यांना सांगितलं. सगळे हो म्हणाले.

१३ डिसेंबर, शनिवार
कुणीही आलं नाही. रश्शावर चरबीचा थर धरला. बाहेर पडून पाहिलं, तर सगळ्या गाड्या खोक्यासमोर. ओनोरेने आजच आकडी टांगली. स्वयंपाकघरात, फ्रीजच्या वर. खाली महापौर हात चोळत उभे. दार मार्तीनने उघडलं. म्हणाली, आलास? बूट पूस आधी.
माझ्याच दारात. दोस्ताने फसवलं, बायकोने फसवलं, गावाने फसवलं. थोडंसं खाल्लं, केवळ निषेध म्हणून.

१४ डिसेंबर
ओनोरेचं तोंड पुन्हा बघणार नाही. मार्तीन तिकडेच राहिली, मागच्या खोलीत. उन्हाळ्यापर्यंत, म्हणे. मला विचारलं नाही, त्याला विचारलं.
मी एकटाच परत आलो. दगडी घरात झोप शांत लागते. पायाशी गरम पाण्याची पिशवी आहे. येताना ओनोरेकडून भरून आणली. सकाळी पुन्हा भरायला जावं लागेल. ती दोघं किती वाजता उठतात, ते विचारायचं राहिलं.