परवा म्हणजे कधी

४ मार्च, बुधवार

"परवा" म्हटलं मी. एवढंच!

धाकट्याचा फोन आला होता. लाइन नेहमीसारखी खरखरत होती. तो म्हणाला, "कागद कधी पाठवलेस, ताई?" मला ऐकू आलं, "कधी पाठवतेस?" म्हटलं, "परवा." म्हणजे शुक्रवारी, त्या दिवशी लॅब दुपारीच सुटते. तो म्हणाला, "सोमवारीच पाठवलेससुद्धा? बरं... बरं झालं."

त्याचं परवा मागचं आणि माझं पुढचं! तेव्हाच म्हणायला हवं होतं — अरे, नाही रे, पाकीट अजून टेबलाच्या खणात आहे. पण दातखीळ बसली. दिवसभर लोकांच्या कवळ्या करायच्या, आणि ऐन वेळी स्वतःचंच तोंड उघडत नाही.

पाकिटात त्याचा जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला, दोन्ही मूळ. तो परदेशात राहतो, तिकडच्या कचेरीत फोटो चालत नाहीत. एकतीस मार्चपर्यंत कागद दाखवले की तो कायमचा तिकडचा. नाही दाखवले तर तिकडे राहायचा परवाना संपला, गाशा गुंडाळून घरी.

५ मार्च

परवा आणि पर्वा. एका रफाराचा काय तो फरक. उद्या पाकीट टाकलं की चार दिवसांचीच थाप ठरेल. चार दिवस म्हणजे काही फार नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

माझं परवा आलं आणि गेलं.

पाकीट पिशवीत होतं. पोस्टाच्या पायऱ्या चढले. आत डोकावले. मोठी रांग होती असं लिहिणार होते — खोटं! रांगच नव्हती. परदेशी टपालाच्या खिडकीत चष्मेवाला कारकून एकटाच पेन्सिलीला टोक करत बसला होता. त्याने वर बघितलं आणि मी गर्रकन वळले. समोरच्या औषधाच्या दुकानात शिरून बाबांच्या गोळ्या घेतल्या. घरात आठवडाभराच्या होत्याच.

पाकीट परत खणात ठेवलं. खण नेहमी अडकतो, आज मेला लोण्यासारखा सरकला.

९ मार्च, सोमवार

आज बाबांची दाढी करायला न्हावी आला होता. अर्धा चेहरा फेसात असताना बाबा त्याला सांगत होते, "धाकटा आमचा आता कायमचा तिकडचा होणार. आमच्या सात पिढ्यांत कोणी झालं नाही." न्हावी म्हणाला, "मान हलवू नका." मान हलायची थांबेना.

तो गेल्यावर माझी उलटतपासणी. "पोचलं का? पावतीचा नंबर दिलास का त्याला?" म्हटलं, "देते." "पोस्टवाले झोपा काढतात लेकाचे! एकेकाला उभं करून विचारलं पाहिजे." मी भांडी घासत होते. एक पातेलं दोनदा घासलं.

धाकट्याने मात्र नंबर मागितला नाही. वाचले.

१० मार्च

इथे तरी खरं लिहावं. इथे कोण बघतंय!

मला तो परत यायला हवा आहे.

लिहिलं एकदाचं. बाबा पडले त्याला सहा वर्षं झाली. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं. प्रत्येक पावलाला त्यांचा सगळा भार माझ्या डाव्या खांद्यावर. लॅबमध्ये तोच खांदा घेऊन मेणात दात बसवायचे. सहा वर्षांत कोणी म्हणालं नाही — तू जरा बस, मी नेतो. धाकटा फोनवर "काळजी घे गं" म्हणतो. मी "हो रे" म्हणते. संपलं.

"ये" असं मी त्याला कधीच म्हटलेलं नाही. म्हणायचं कसं? बाबा अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत. आणि त्याचं तिकडे सोन्यासारखं चाललंय. म्हणजे तोंडाने बोलवायची हिंमत नाही, म्हणून पाकीट अडवून बसायचं! शी! शत्रूसुद्धा समोरून वार करतो.

११ मार्च, बुधवार

टाकलं!!

लॅबमध्ये डॉक्टरीणबाईंना डोकं दुखतंय सांगून निघाले. चष्मेवाल्याने फॉर्म पुढे सरकवला. "आत काय आहे?" — "कागद." — "किंमत लिहा." पेन तसंच धरून उभी राहिले. तो म्हणाला, "कागदांची कसली किंमत, बाई? शून्य टाका." टाकलं शून्य. त्याने पत्ता दोनदा वाचला, एका अक्षरावर बोट ठेवून "हा पाच ना?" विचारलं. मग धाडकन शिक्का.

"दहा-बारा दिवस," म्हणाला. म्हणजे बावीस-तेवीस तारीख. एकतीसच्या आत! उडी मारावीशी वाटली. घरी येऊन, बाबांनी न सांगताच त्यांच्या पायांना तेल चोळून दिलं. "आज काय विशेष?" म्हणाले.

१८ मार्च

लॅबच्या कॉम्प्युटरवर नंबर टाकून बघते. "देशाबाहेर रवाना, १४ मार्च." सकाळी तेच, दुपारी तेच.

२४ मार्च, मंगळवार

आज मी फार वाईट वागले.

तेरा दिवस झाले. काल धाकटा म्हणाला, "अजून नाही आलं, ताई." बाबांच्या हिशेबाने पाकीट तीन आठवडे रस्त्यात आहे. सकाळपासून त्यांचा पट्टा सुरू — "जा, जाऊन विचार त्यांना! माझे पाय असते तर..." त्यांनी पायांचं काढलं की मी संपते. गेले.

खिडकीशी सात-आठ माणसं होती. चष्मेवाल्याने नंबर घातला, स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आपल्याकडून गेलंय, बाई. पुढचं तिकडचं तिकडे. आम्हाला इथे दिसत नाही." शांतपणे बोलला. आणि मी — काय संचारलं अंगात कोण जाणे! "दिसत नाही म्हणजे? माझ्या भावाचं आयुष्य आहे त्यात! तुम्हाला काय, शिक्का मारला की झालं!" मागची माणसंही माझ्या बाजूने बोलायला लागली. एक आजोबा म्हणाले, "यांना अशीच भाषा कळते."

तो एवढंच म्हणाला, "अकरा तारखेला दिलंत तुम्ही. मी त्याच दिवशीच्या थैलीत घातलं होतं."

अकरा तारखेला. त्याला पाठ होतं! मी त्याच्याकडे न बघता बाहेर आले. नऊ दिवस मी खाल्ले आणि ओरडा त्याने खाल्ला.

२७ मार्च, शुक्रवार

"अजून नाही, ताई. राहू दे, नको जीव टांगणीला लावूस." उलट तोच मला समजावतोय!

लॅबमध्ये एका बाईंची कवळी बिघडवली. खालच्या साच्यावर वरचे दात. डॉक्टरीणबाई हातात धरून बघत राहिल्या. "तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?" म्हटलं, "पोस्टात." त्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग प्लास्टरच्या पिंपामागे जाऊन रडून घेतलं.

३१ मार्च

नाही आलं.

२ एप्रिल, गुरुवार

सांगितलं त्याला. सगळं. लॅबच्या जिन्यात बसून फोन केला, म्हणजे बाबांच्या कानावर जायला नको. परवाचा घोळ सांगितला, खण सांगितला, पोस्टाच्या पायऱ्या सांगितल्या. "मीच केलं रे. तू परत यावास म्हणून. तुझं वाटोळं केलं मी."

तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाही गं, ताई. खरंच तुझ्यामुळे नाही."

शिव्या का नाही दिल्यास रे? दोन शिव्या दिल्या असत्यास तर मी मोकळी झाले असते. मी दहा वर्षांची होते तेव्हा तो जन्मला. तेव्हापासून कडेवर घेतलेलं पोर, आणि आज तोच मला मोठ्या माणसासारखी माफी देतोय. ती घेववत नाही.

एकोणीसला येतोय. रविवारी. परवाना नाही, थांबता येत नाही.

३ एप्रिल

बाबांना त्याने स्वतःच फोनवर सांगितलं. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवताना म्हणाले, "पोस्टाने पोराचं वाटोळं केलं." मी मान खाली घालून घास गिळला. बोलले नाही. पोस्टात नाही, इथेही नाही!

८ एप्रिल

न्हाव्याला बाबांनी "आज नको" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा.

रोज पोस्टावरून जाते. चष्मेवाल्याची माफी मागायची आहे. रोज रांग असते. खरीखुरी.

१५ एप्रिल, बुधवार

पोस्टातून निरोप आला, येऊन जा. चष्मेवाल्याने माझंच पाकीट खिडकीतून पुढे केलं. न उघडलेलं. वर तिकडच्या भाषेतली चिठ्ठी चिकटवलेली, चार चौकटी, एकीत फुली. मी आधी माफी मागितली, मग विचारलं, "हरवलं होतं?" तो म्हणाला, "नाही, बाई. नऊ दिवसांत पोचलं होतं. ही तारीख वीस मार्च. ही फुली म्हणजे घेण्यास नकार."

खाली सही होती. धाकट्याची.

म्हणजे अकरा दिवस हातात असताना तो दारात उभा राहून "नको" म्हणाला. आणि नंतर मला "अजून नाही आलं, ताई." तोंडाने "येतो" म्हणायची हिंमत त्यालाही नव्हती.

बाबांनी विचारलं, पोस्टात काय होतं? म्हटलं, काही नाही, चुकून बोलावलं. रविवारी धाकट्याला आणायला जाईन. पाकिटाचं मी काढणार नाही. त्याने काढलंच, तर म्हणेन — पोस्टाचा घोळ रे, दुसरं काय!