डिझेलच्या गाडीची खुशाली

शनिवार, सकाळचे अकरा
(घड्याळ ह्यांनी स्वतः दुरुस्त केलेलं आहे, तेव्हा अकराच्या आसपास.)

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार पोचावा. (साष्टांग लिहायला सोपा आहे. घालायला गेले तर उठवायला दोन माणसं लागतील, कंबर धरली आहे.) तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे तिथल्या थंडीत कुरकुरत नाहीत ना? नातवाला दात आले की अजून नुसतीच लाळ? इथे सगळं क्षेम आहे. बाबा ठणठणीत, हे ठणठणीत आणि गाडीही ठणठणीत. गाडीचं नाव शेवटी घेतलं म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस.

फोन न करता पत्र का लिहिते, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. शिवाय आत्ता मला हाताला काहीतरी चाळा हवाय. हे बाबांना घेऊन डोळ्याच्या तपासणीला नऊलाच बाहेर पडलेत, तुझ्या गाडीतून, आणि साडेदहापर्यंत येतो म्हणाले होते. ह्यांचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पडलाय आणि दर दहा मिनिटांनी वाजून मला दचकवतोय. तेव्हा मध्येच अक्षर बिघडलं तर समज की मी खिडकीशी जाऊन आले.

तू नातवाकडे जाताना गाडी आणि बाबा असे दोन्ही सहा महिन्यांसाठी आमच्या हवाली केलेस. गाडीसाठी चार पानं सूचना लिहिल्यास आणि बाबांसाठी अर्धं पान (त्यातही निम्मी औषधं). पहिलीच सूचना होती, आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवणे. हे घड्याळं दुरुस्त करणारे, त्यामुळे ज्यात चाक फिरतं ते सगळं आपल्याला कळतं अशी ह्यांची ठाम समजूत. पहिल्या शनिवारी किल्ली फिरवली, गाडी नुसती खाकरली आणि गप्प. पुन्हा खाकरली, पुन्हा गप्प. आपल्या बाबांना मोतीबिंदूमुळे समोर माणूस उभा आहे की कपाट हे कळत नव्हतं त्या दिवसांत, पण कान शाबूत. ते खुर्चीतून म्हणाले, ‘डिझेलचं यंत्र आहे, जावईबापू. आधी त्याला ऊब येऊ द्या. समोर पिवळा दिवा लागत असेल, तो विझला की मग फिरवा.’ हे म्हणाले, सगळं माहीत आहे मला. मग दिवा विझेपर्यंत थांबले, आणि गाडी लागली. (बाबा तीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर होते हे तुला मी सांगायला नको. ह्यांना मात्र पुन्हा सांगावं लागलं.)

दुसऱ्या खेपेला जे झालं ते लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहितेच. शेजारच्या मास्तरीणबाईंनी तक्रार केली की धूर त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो. ह्यांनी उपाय काढला, तो असा की गॅरेजचं शटर आतून खाली ओढायचं आणि मग गाडी सुरू करायची. धूर बाहेर जाणार नाही, बाई गप्प बसतील. मी चहा द्यायला मधल्या दारानं गेले तर हे स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेले, डोकं ठणकतंय म्हणत, आणि शब्द जड झालेले. मी शटर कसं वर केलं माझं मला ठाऊक नाही. कंबर त्या दिवशी धरली ती अजून. बाबा भिंत धरत धरत बाहेर आले नि त्यांनी जन्मात पहिल्यांदा जावयाला अरे-तुरे केलं. ‘दिसतो तो धूर खोकवतो रे. त्याच्यात न दिसणारा असतो, त्याला वासही नसतो, तो माणसाला झोपवतो आणि उठवत नाही. माझ्यासमोर एक माणूस गेलाय.’ ह्यांना तासभर अंगणात मोकळ्या हवेत बसवलं आणि डॉक्टरांना दाखवून आणलं. बाबा तोवर गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून होते, जणू शटर आपणहून खाली येईल. तेव्हापासून गाडी बाहेर काढल्याशिवाय सुरू होत नाही. मास्तरीणबाई कपडे मागच्या बाजूला वाळत घालतात. एवढं साधं होतं, पण कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

थांब, गाडीचा आवाज आला.

नव्हती. पाववाला होता.

तर आता मुख्य गोष्ट, जी तुला गाडीच्या मिस्त्रीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. मागच्या महिन्यात बाबांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ही तारीख मिळायला अकरा आठवडे लागले होते आणि बरोब्बर साडेनऊला हजर राहायचं होतं. आदल्या दिवशी इंधन भरून ठेवायचं ठरलं होतं, पण आमच्याकडे ठरलेलं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. घराबाहेर पडताच काटा तळाला. वाटेत पंपावर थांबलो. इंजिन बंद केलं (ही सूचना पाळली, नोंद घे), आणि ह्यांनी डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरायला लावलं. होय. पेट्रोल. अठरा लिटर. नळी काढली, झाकण लावलं, हे येऊन बसले आणि हात किल्लीकडे गेला.

मागच्या सीटवर बाबा, डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. खिडकी उघडी होती. ते एकदम ओरडले, ‘हात काढ!’ मला वाटलं दारात बोट सापडलं. ‘किल्लीला हात लावू नका, अर्धीसुद्धा फिरवू नका. हा वास डिझेलचा नाही.’ ह्यांचा हात तसाच हवेत. पंपावरच्या माणसानं पावती बघितली, नळी बघितली, गाडी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. बाबांनी विचारलं, ‘पेट्रोल कोण म्हणालं?’ मी मांडीवरची दवाखान्याची फाईल बंद केली. मग हे म्हणाले, ‘मी.’

पुढे काय झालं ते बाबांनीच चालवलं, दादा, डोळे न उघडता. गाडी बंदच ठेवून, गिअर काढून, चौघांनी ढकलत बाजूला नेली. मी मिस्त्रीला फोन लावायला निघाले तर म्हणाले, इथे नको, रस्त्यापलीकडे जा. मी गेले. (जाताना चप्पल तुटली. ते कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहिते.) तेवढ्यात ह्यांच्या घड्याळजी डोक्यात आलं की नळी टाकीत घालून तोंडानं ओढून पेट्रोल काढावं, पाच मिनिटांचं काम. नळी शोधायलाही लागले. बाबा म्हणाले, ‘आमच्या बॉयलरवाल्यानं असंच रॉकेल ओढलं होतं. फुफ्फुसात गेलं. महिनाभर खाटेवर होता आणि पुढे जन्मभर जिना चढताना थांबायचा.’ ह्यांनी नळीचा शोध थांबवला. मिस्त्री आला, त्यानं आधी बाबांना नमस्कार केला. किल्ली फिरली असती तर पेट्रोल गाडीतल्या इंधनाच्या पंपातून पार इंजिनापर्यंत गेलं असतं आणि खर्चाचा आकडा ऐकून तुम्हालाही झोपवायला लागलं असतं, असं तो म्हणाला. आता टाकी रिकामी करून गाळणी बदलली की झालं. त्यानं हेही सांगितलं की डिझेलची जाड नळी पेट्रोलच्या गाडीत शिरतच नाही, पण पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या टाकीत मुकाट्यानं शिरते. म्हणजे ही चूक करायला तुझीच गाडी योग्य होती.

आम्ही टॅक्सीनं दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. गाडी ढकलताना ह्यांच्या विजारीवर पेट्रोल सांडलेलं (झाकण अर्धवट लागलं होतं), त्यामुळे सिस्टरबाईंनी ह्यांना दारातूनच मागे फिरवलं. मला वाटलं, गेली तारीख, आता पुन्हा अकरा आठवडे. डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या. बाबांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली, अगदी शांतपणे, नळीच्या जाडीसकट. बाई हसल्या आणि म्हणाल्या, शेवटचा नंबर तुमचा. मी बाहेर बाकावर बसले. हे रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे, ओली विजार वाळवत, जवळून कुणी सिगारेटवाला गेला की त्याच्यापासून लांब पळत. तीन तास आम्ही दोघं एकमेकांकडे रस्त्याच्या दोन बाजूंनी नुसते बघत होतो. लग्नानंतर इतका वेळ आम्ही कधी एकमेकांकडे बघितलं नसेल.

एक भानगड राहिली. मिस्त्रीनं टाकी रिकामी केल्यावर त्यातलं थोडं पेट्रोल हे घेऊन आले, घड्याळाचे भाग धुवायला कामी येईल म्हणून. कशात? पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्यांत. कुठे ठेवलं? स्वयंपाकघरात, टेबलाखाली, शेगडीपासून तीन पावलांवर. बाबांच्या गोळीसाठी मी त्यातलीच एक उचलली. झाकण उघडल्यावर कळलं. दादा, मी भांडखोर नाही, पण त्या दिवशी मास्तरीणबाई खिडक्या लावून बसल्या. शेगडी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या, आणि हे दोन्ही बाटल्या हातभर लांब धरून चालत मिस्त्रीकडे परत देऊन आले. त्यानं त्या लगेच इंधनाच्या डब्यात ओतल्या आणि ह्यांच्याकडे बघून मान हलवली. अठ्ठावीस वर्षांत मला जमलं नाही ते त्या मान हलवण्यानं जमलं. आता घड्याळाच्या कामाचं जे काय असतं ते दुकानात, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून असतं.

तर अशी सगळी खुशाली आहे. गाडी पहिल्या फटक्यात लागते. काळजी करू नकोस. साडेबारा झाले. मी आता काळजी करते.

तुझी धाकटी

ता.क. – आले! पावणेएकला. काही झालं नव्हतं. तपासणी दहालाच आटोपली होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या डोळा उत्तम. मग बाबा ह्यांना म्हणाले, जरा हळू चालवा. आणि त्यांनी वाटेतली एकेक पाटी वाचायला सुरुवात केली. शाळा, शिंपी, चष्मे, भाड्याने देणे आहे. राहून गेलेल्या गल्लीसाठी दोनदा मागे वळवलं म्हणे. पंपावर डिझेल घेताना स्वतः खाली उतरले, भिंतीवरच्या ‘इंजिन बंद करा’पासून सगळ्या सूचना मोठ्यानं वाचल्या, नंतर नळीवरचा शब्द बोटानं दाखवून वाचला आणि मग म्हणाले, भरा. हे मला सांगताना ह्यांना दोनदा नाक पुसावं लागलं. सर्दी आहे म्हणतात.

आणखी ता.क. – पेट्रोल हे म्हणाले नव्हते. मी म्हणाले. हे पाण्याची बाटली आणायला गेले होते, पंपावरच्या माणसानं खिडकीतून विचारलं, बाबा पेंगत होते आणि मी दवाखान्याची फाईल चाळत होते. आयुष्यभर स्कूटरवर मागे बसून तो एकच शब्द ऐकला, तोच तोंडातून गेला. टाकीच्या झाकणाआडची तुझी ‘फक्त डिझेल’ची चिठ्ठीही मीच आदल्या आठवड्यात गाडी धुताना घासून काढली होती, मळ वाटला. हे बाटली घेऊन परत आले होते आणि सगळं ऐकलं होतं (स्कूटरवाल्याच्या कानाला तो शब्द तेव्हा खटकला नाही, एवढंच). वर तीन पानं मी ह्यांना नावं ठेवलीत ती पुन्हा लिहायला वेळ नाही, टपाल दोनला निघतं. तूच वाचताना बदलून घे.

शेवटचं – तू पुढच्या महिन्यात येशील. गाडी आल्या दिवशी घेऊन जा, धुऊन ठेवीन (नुसत्या पाण्यानं). बाबांना मात्र इथेच राहू दे. हे मी ह्यांना विचारलेलं नाही, बाबांनाही नाही, आधी तुलाच विचारते. तू अर्ध्यात तोडशील म्हणून फोनवर विचारायचं धाडस झालं नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एका ओळीचं पाठव. ‘नाही’ असेल तर चांगलं लांबलचक लिही, वहिनींच्या गुडघ्यांपासून सुरुवात कर, म्हणजे मी हळूहळू तिथवर पोचेन.