मी परत केलेली गाय

मी, आर्डिस मार्गारेट टोलेफ्सन, वय एक्याऐंशी, कै. हॅरल्ड टोलेफ्सन यांची पत्नी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार सू फॉल्स, साऊथ डकोटा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर माझा मुलगा कर्टिस आणि अथिएंग या दोघांना निम्मे-निम्मे. अथिएंग ही अकुओलची मुलगी. सुदानातल्या लढाईतून सुटून, केनियातल्या छावणीत वर्षे काढून या मायलेकी आमच्या लुथरन चर्चच्या आधाराने इथे आल्या. अकुओलचा नवरा वाटेतच वारला होता. अकुओल मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करी, म्हणून पोरगी माझ्या मागच्या खोलीत झोपे. तिचे दुधाचे दात तिथेच पडले, आणि भागाकारावरून आमची भांडणेही तिथेच झाली. ती मला मावशी म्हणत असे.

गेल्या सप्टेंबरात मी सगळेच घर तिच्या नावे करायला निघाले होते. वकिलांनी कागद टाइपही केला. मी तो त्यांच्या टेबलावरच फाडला. मन खात होते म्हणून दिलेले घर तिने का घ्यावे? आधीच्या मृत्युपत्रातही निम्मे तिचे होते, ते तसेच राहील.

२. माझी गाडी चर्चला, नव्याने येणाऱ्या सुदानी मंडळींना शिकण्यासाठी. अथिएंगचा काका माकुएय याने शिकताना ती चर्चच्या पाटीवर घासली होती. तो पत्रा दुरुस्त करू नये, शिकणाऱ्याला धीर येतो.

३. लेफ्साचा तवा लॉरेन निगार्ड हिला. तिच्या लेफ्सा, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, कातड्यासारख्या होतात. त्यात तव्याचा दोष नसतो, हे तिला एकदा कळावे.

४. आता ज्यासाठी हा खटाटोप.

गेल्या ऑगस्टमध्ये अथिएंगचे लग्न ठरले. त्यांच्यात वरपक्षाकडून गायी येतात आणि ज्यांनी ज्यांनी मुलीला वाढवले त्या नातलगांत त्या वाटल्या जातात. गायी तिकडे दक्षिण सुदानात, त्यांच्या बोर गावच्या गोठ्यात. इथे चर्चच्या हॉलमध्ये फक्त नावे पुकारायची. माकुएय उभा राहून म्हणाला, "तांबडी, पांढऱ्या पोटाची गाय, मुलीच्या मावशीला. आर्डिसमावशीला."

मी उठले आणि म्हणाले, "छे हो, मला काही नको. मी काही मिळावं म्हणून केलं नाही."

आमच्या चर्चमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुदानी मंडळींतून कोणी हूं की चूं केले नाही. माकुएयने पुढचे नाव पुकारले.

आम्हा नॉर्वेकडच्या लोकांत कॉफीसुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतात. ते पुन्हा विचारतील असे मला वाटले, अशी मी मनाची समजूत घातली. ती खोटी आहे. मला देणारी राहायचे होते. घेणारे ते, देणारी मी, हे मला इतकी वर्षे गोड लागले होते.

नंतर भांडी घासताना अकुओल माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही दिलेलं सगळं आम्ही घेतलं. मेलेल्या माणसांचे कोट घेतले. एका पायाला घट्ट होणारे बूट घेतले. तुमच्या चर्चचा तो मासे घातलेल्या शेवयांचा लगदासुद्धा घेतला, आणि छान आहे म्हटलं. एक गाय तुम्हाला जड झाली?"

दुसऱ्या आठवड्यात मी नवा डिनर सेट घेऊन तिच्या दारात गेले. मला अजून अक्कल यायची होती. तिने तो घेतला, चहा दिला आणि म्हणाली, "थँक्यू, मिसेस टोलेफ्सन." तेव्हापासून मी त्या घरात मिसेस टोलेफ्सन आहे. लाज वाटते. रोज वाटते.

गेल्या रविवारी काठी टेकत माकुएयकडे गेले.

"माझी गाय मला दे," मी म्हणाले.

तो हसला नाही. "ती गेली, बाई. अकुओलच्या भावाला दिली. वाटप एकदाच होतं."

"मी चुकले रे."

"चुकलात. तेही सगळ्यांसमोर." मग त्याने माझ्याकडे खुर्ची सरकवली. "अथिएंगला दिवस गेलेत, माहीत आहे ना?"

मला कोणी सांगितले नव्हते. तेही त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे.

"मुलगी झाली, तर तिच्या लग्नात आजीच्या, म्हणजे अकुओलच्या, बाजूचा वाटा निघेल," तो म्हणाला. "तेव्हा मागा."

"तेव्हा मी कुठली असायला?"

"मेलेल्याचा वाटा आमच्यात बुडत नाही. घरचं कोणी येऊन घेतं. पण मावशी म्हणून तुमचं नाव राहायला हवं, आणि ते माझ्या हातात नाही. अकुओलला विचारा."

अजून विचारले नाही. हा कागद झाला की तो घेऊनच जाणार आहे.

५. म्हणून अखेरचे कलम. अकुओलने होकार दिला आणि पुढे कधी माझ्या नावे गाय निघाली, तर ती मी आजच, या कागदाने, स्वीकारली आहे. मी नसेन, तर कर्टिसने किंवा त्याच्या मुलांनी त्या दिवशी तिथे हजर राहावे. भाषण करू नये. उलट भेट देऊ नये. कर्टिस माझ्यावर गेला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: पहिल्यांदा विचारतील तेव्हाच हो म्हणावे.

ठिकाण: सू फॉल्स. दिनांक: १४ मार्च २०१९.

सही: आर्डिस एम. टोलेफ्सन

आमच्यासमोर वाचून सही झाली म्हणून साक्षीदार:

लॉरेन निगार्ड. नाते: शेजारीण. तव्याचा मजकूर वाचला आहे.

माकुएय अजांग. नाते: अजून ठरायचे आहे.